दाढ ठणकतेय, अपॉइंटमेंट सोमवारची. तोवर घरी काय करावं?

सुईदोरा | शनिवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. उजवीकडची खालची दाढ कालपासून ठणकू लालीय. आधी नुसतं गोड लागलं की झणका यायचा. आता काही न खाताही कळ मारते आणि थेट कानापर्यंत जाते. आडवं झालं की जास्तच. गार पाण्याची चूळ तोंडात धरली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पाणी कोमट झालं की पुन्हा सुरू.

दवाखान्यात फोन केला, सोमवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. उद्या रविवार, सगळं बंद. गालाला सूज नाही, ताप नाही. वय ३४, बीपी, शुगर, ॲसिडिटी, दमा काही नाही. घरात पॅरासिटामॉल, लवंगा, मीठ, बर्फ आहे. सासूबाई म्हणतात बिब्बा लावू. शेजारच्या काकू म्हणतात मेडिकलमधून दाढेच्या गोळ्यांची पुडी आणू. आजची रात्र कशी काढायची ते सांगा.

कन्ना चौक | रात्री ९.३१

ताई, लवंग जरा ठेचून दाढेपाशी धरा, रस उतरू द्या. आमच्या घरी दुसरं काही माहीतच नव्हतं, आणि आराम पडतो हे खरं आहे. बिब्बा मात्र लावू नका. आमच्या चुलत्यांच्या हिरडीला बिब्बा लागला होता, ओठापर्यंत फोड आले होते.

शेंगाचटणी | रात्री ९.३८

सगळ्यात आधी एक बघा, दातांच्या फटीत काही अडकलंय का? आपल्याकडं शेंगाचटणी आणि कडक भाकरी रोजची. शेंगदाण्याचा बारीक कण दोन दाढांच्या मधे हिरडीत रुतला की अख्खी दाढ गेल्यासारखी दुखते. मेडिकलमध्ये दातांचा दोरा मिळतो, फ्लॉस म्हणून मागा. तो हळू आत सरकवून बाजूनं ओढून काढायचा, मग कोमट पाण्यानं चूळ. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी असलं काही घालू नका, हिरडी फाटते आणि कण आणखी आत जातो.

सुईदोरा | रात्री ९.४४

दोरा घालून बघितला, थोडं निघालं, पण ठणका तसाच आहे. दाढेत काळं भोक दिसतंय.

दातांची डॉक्टर | रात्री ९.५८

मी दंतवैद्य आहे, सोलापुरात होटगी रोडला बसते. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण तुम्ही गार पाण्याचं जे लिहिलंय ते महत्त्वाचं आहे.

दाताच्या आत मधोमध मऊ भाग असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. आपण त्याला सरसकट नस म्हणतो. चारही बाजूंनी कठीण भिंती. कीड तिथवर पोचली की तो भाग सुजतो, पण सुजायला जागाच नसते, म्हणून सगळा दाब नसेवर येतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, त्यामुळं दाढ रात्री जास्त ठणकते. गरमानं कळ वाढते आणि गारानं थांबते, आपोआप दुखतं, झोपेतून उठवतं, ही बहुतेक वेळा नस बरी होण्याच्या पलीकडं गेल्याची खूण असते. त्यावर इलाज दवाखान्यातच आहे, रूट कॅनल किंवा दाढ काढणं. घरी जे काही कराल ते सोमवारपर्यंत पोचण्यासाठी. पण तेवढंही नीट केलं तर रात्र बरीच सुसह्य होते.

गोळ्यांचं सांगते. तुमच्यासारख्या दुसरा आजार नसलेल्या मोठ्या माणसाला दाढदुखीत सगळ्यात चांगला उपयोग होतो तो आयबुप्रोफेन ४०० मिलीग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलीग्रॅम एकत्र घेतल्यावर. दोन्ही वेगळ्या रीतीनं काम करतात, म्हणून जोडी चालते. पोटभर नाही तरी काहीतरी खाऊनच घ्या, वर ग्लासभर पाणी. पुन्हा लागली तर सहा ते आठ तासांनी. आयबुप्रोफेन २४ तासांत ४०० च्या तीन गोळ्यांच्या वर नाही. पॅरासिटामॉलची मोठ्यांसाठी वरची हद्द २४ तासांत ४ ग्रॅम आहे, मी माझ्या पेशंटना ३ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. कळ असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेतली तर ती उशिरा लागू पडते. त्यामुळं उद्याच्या दिवसभरात ठरल्या वेळेला घ्या.

गोळी गिळायची. दाढेत किंवा हिरडीवर ठेवायची नाही. ॲस्पिरिनची गोळी गालात धरून बसलेले पेशंट येतात, आतली कातडी भाजून पांढरी झालेली असते.

दातांची डॉक्टर | रात्री १०.०६

लवंगेचं राहिलं. लवंगेत युजेनॉल असतं, ते खरोखर बधिर करतं. आम्ही स्वतः झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलची तात्पुरती सिमेंट वापरतो, वासावरून ओळखाल. पण नुसतं तेल हिरडीला लागलं तर जळजळ होते, फोडही येतो. म्हणून कापसाचा तांदळाएवढा बोळा, त्यावर एक थेंब तेल, तो चिमट्यानं फक्त भोकात ठेवायचा. जास्तीचं तेल टिपून घ्या. थोड्या वेळानं बोळा काढून टाका, रात्रभर ठेवून झोपू नका. तेल नसेल तर कन्ना चौक म्हणतात तशी लवंग चालेल, हिरडी चुरचुरायला लागली की काढा.

बर्फ फडक्यात गुंडाळून बाहेरून गालावर, दहा-पंधरा मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. शेकायचं नाही, गरम पिशवी नाही. झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवा.

अण्णा साखर पेठ | रात्री १०.१५

एवढं कशाला ओ. आमच्या गल्लीतला मेडिकलवाला पुडी बांधून देतो. त्यात एक अँटिबायोटिक, एक दुखण्याची, एक सुजेची, एक ॲसिडिटीची. दोन दिवसांत दाढ गप्प. दवाखान्याची पायरी चढायची गरज नाही.

औषधवाला | रात्री १०.३२

अण्णा, मी स्वतः फार्मासिस्ट आहे, नवी पेठेत काउंटरवर असतो. तुमच्याशी भांडायचं नाही, पण त्या पुडीबद्दल लिहिलंच पाहिजे.

नसेच्या ठणक्यावर अँटिबायोटिक काम करत नाही. आतल्या मेलेल्या किंवा सुजलेल्या नसेपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही, आणि दुखणं कमी करणं हे त्याचं कामच नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ साली यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसाला अशा बहुतेक दाढदुखीत अँटिबायोटिक देऊ नये, दाताचा उपचार करावा, असं त्यात आहे. ताप आला, सूज पसरली तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरांनी बघून ठरवायचं. पुडीतली दुखण्याची गोळी आराम देते आणि श्रेय अँटिबायोटिकला जातं. गरज नसताना असं घेत राहिलं की पुढं खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध लागू न पडण्याचा धोका वाढतो.

दुसरं, पुडीत गोळीचं नाव नसतं. पाकीट कापून दिलेलं असतं, बऱ्याचदा सुटी गोळी. तुम्ही घरची डोलो ६५० वर घेतलीत तर पॅरासिटामॉल दोनदा गेलं हे कळणार कसं? कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ दोन्ही आधीच आहेत. ती घेणाऱ्यांनी त्यावर वेगळं ब्रुफेन, म्हणजे आयबुप्रोफेनच, घ्यायचं नाही आणि पॅरासिटामॉलचा हिशोब धरून चालायचं. सुईदोरा ताई, गोळी घेतली की पाकिटावर पेनानं वेळ लिहून ठेवा. रात्री दुखण्याच्या नादात कधी घेतली ते आठवत नाही.

आणि ताप असेल, डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन दोन्ही नकोत. रक्तस्रावाचा धोका असतो.

अण्णा साखर पेठ | रात्री १०.४०

सुटी गोळी असते हे खरं. नाव कधी विचारलं नाही.

बार्शीची लेक | रात्री १०.५२

बिब्ब्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी दाढेतला किडा काढणारे बसायचे. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, त्याचा धूर नळीनं तोंडात घ्यायचा, आणि मग पाण्याच्या ताटलीत पांढऱ्या बारीक अळ्यांसारखं काहीतरी पडलेलं दाखवायचे. माझ्या आजीचा त्यावर पूर्ण विश्वास. मी लहानपणी ताटलीत वाकून बघितलंय, खरंच अळी वाटायची. नंतर कळलं की धुरानं फुटलेल्या बियांचे आतले कोंब तसे दिसतात. दाढेत किडा नसतोच ना डॉक्टर?

दातांची डॉक्टर | रात्री ११.०५

नसतो. कीड हा नुसता शब्द. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल दात झिजवत आत जातं. अळी कुठंच नसते. धूर घेतल्यावर काही जणांना थोडा वेळ बधिर वाटतं आणि लोक दवाखान्यात यायचं लांबवतात, खरं नुकसान तिथं होतं.

रुईचा चीकही लावू नका. बिब्बा आणि चीक दोन्ही कातडी भाजतात, चिकाचा हात डोळ्याला लागला तर डोळ्याला इजा होते. लसूण ठेचून रात्रभर गालात ठेवलेल्यांच्याही हिरड्या सोललेल्या बघितल्यात. सासूबाईंना सांगा, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा हा त्यांच्या वेळचाच उपाय आहे आणि तो मी रोज सांगते. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, खळखळवून थुंकायचं. तुम्हाला गरमानं त्रास होतोय, म्हणून पाणी अंगाएवढंच कोमट घ्या.

पूर्व भागातली | रात्री ११.१८

मिशेरीबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या भागात विडी वळणाऱ्या कितीतरी बायका दाढ दुखली की मिशेरी दाबून ठेवतात. माझी आई तीच करायची. दुखणं मावळल्यासारखं वाटायचं म्हणून दिवसातून एकदाची चार वेळा झाली. शेवटी हिरडी खाली गेली, दात हलायला लागले. तंबाखूची पुडी जवळ असणाऱ्या घरात हे फार सहज होतं. ज्यांच्या घरी आई, सासू, मावशी असं करतात त्यांनी निदान एकदा त्यांना तोंड उघडून दाखवायला न्या. पांढरा चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड पूर्वीएवढं उघडत नसेल तर लगेच न्या. हे मी कळकळीनं सांगतेय.

विजापूर रोड | रात्री ११.२६

माझ्या वडिलांची पण दाढ दुखू लालीय. वय ७१, शुगर आहे, ॲन्जिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. वरची जोडी त्यांना चालेल का?

औषधवाला | रात्री ११.३५

नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीतलं काहीच त्यांना स्वतःहून देऊ नका. पॅरासिटामॉल ५०० द्या. रक्त पातळ करणारी गोळी दाढ काढायची आहे म्हणून घरच्या घरी बंद करायची नाही, ते हृदयाचे आणि दातांचे डॉक्टर मिळून ठरवतील. अपॉइंटमेंटला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

शुगरवाल्यांचं एक नेहमी बघतो. दाढ दुखते म्हणून जेवत नाहीत, पण शुगरची गोळी मात्र वेळेवर घेतात. साखर खाली जाऊन घाम फुटतो, चक्कर येते. चावता येत नसेल तर ताक-भात, ज्वारीची आंबील, मऊ मुगाची खिचडी असं पोटात गेलंच पाहिजे.

दातांची डॉक्टर | रात्री ११.४४

विजापूर रोड, वडिलांचा गाल किंवा जबड्याखाली जराही सुजलं तर वाट बघू नका. शुगर असताना जंतुसंसर्ग झपाट्यानं पसरतो. आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला डाव्या जबड्यात दुखतंय, सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर दाढ समजून घरी बसायचं नाही, थेट हृदयाच्या इमर्जन्सीत.

सगळ्यांसाठीच लिहिते. सूज डोळ्याकडं किंवा गळ्याकडं सरकली, जिभेखालचा भाग वर आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तोंड दोन बोटांएवढंही उघडेना, थंडी वाजून ताप आला, यातलं एक जरी झालं तरी रविवार असो की रात्रीचे दोन, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा. दाढेचा पू गळ्यात उतरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते.

जुळे सोलापूर | रात्री ११.५०

सहावा महिना चालू आहे, मलाही अधूनमधून झणका येतो. काय घेऊ?

दातांची डॉक्टर | रात्री ११.५६

पॅरासिटामॉल, तेही तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना फोनवर विचारून. आयबुप्रोफेन नको, विशेषतः २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडाला आणि गर्भजलाला धोका असतो. मिठाच्या चुळा करा. गरोदरपणात दाताचा उपचार करता येत नाही असं घरोघरी सांगतात, ते खरं नाही. मधले तीन महिने तर सोयीचे असतात. या आठवड्यातच वेळ घ्या.

सुईदोरा | रात्री १.१०

गोळ्या दहीभात खाऊन घेतल्या, वेळ पाकिटावर लिहिली. लवंग तेलाचा बोळा ठेवला तेव्हा पहिलं मिनिट चरचरलं, मग जिभेची कडही बधिर झाली. आता ठणका खाली बसलाय, नुसतं जड वाटतंय. तीन उशा लावून झोपते. सगळ्यांचे मनापासून आभार.

शेंगाचटणी | रविवार, सकाळी ८.१५

कसं आहे आता? आज कडक भाकरी, चिवडा, फरसाण काही नको. भाकरीच खायची तर दुधात कुस्करून, दुसऱ्या बाजूनं. चहा पार कोमट करून. ब्रश सोडू नका, त्या दाढेवर मऊ हातानं फिरवा, अन्न साचलं की आणखी दुखतं.

सुईदोरा | रविवार, दुपारी ४.४०

गंमतच झाली. दुपारपासून दुखायचं पूर्ण थांबलंय. सकाळनंतर गोळीही घेतली नाही. गरम चहा लागला तरी काही नाही. घरचे म्हणू लालेत, आता कशाला जायचं, दुखेल तेव्हा बघू. सोमवारी रजाही टाकावी लागणार आहे. तुम्हाला काय वाटतं?

कन्ना चौक | दुपारी ४.५२

ताई, जा. जाच.

दातांची डॉक्टर | संध्याकाळी ५.३०

बरं झालं विचारलंत. एवढा ठणका अचानक, गोळीशिवाय, पूर्ण थांबला आणि कालपर्यंत गरमानं कळ येणाऱ्या दाढेला आज गरम लागतच नाही, तर बहुधा आतली नस मेली. नस गेली म्हणून दुखणं गेलं. जंतू तिथंच आहेत. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथं पू धरतो, आणि मग एक दिवस दाढ टेकवता येत नाही, गाल सुजतो. हे काही दिवसांत होईल किंवा काही महिन्यांनी.

माझ्याकडं सगळ्यात बिघडलेल्या दाढा याच लोकांच्या येतात, ज्यांचं मधे दुखणं थांबलं होतं. उद्या गेलात तर दाढ वाचायची शक्यता चांगली आहे. हाड खाल्लं गेलं, दाढ फुटली, की काढण्यावाचून मार्ग राहत नाही. शिवाय पू असताना भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही, त्याचाही त्रास तुम्हालाच. म्हणून शांत असतानाच जा.

विजापूर रोड | संध्याकाळी ५.५५

माझ्या भावाचं अगदी असंच झालं होतं. दाढ थांबली, तो विसरला. गड्ड्याच्या यात्रेत फिरताना जबड्याखाली गाठ आली म्हणून हात लावला तर सकाळपर्यंत मान वळेना. ॲडमिट करून बाहेरून चीर देऊन पू काढावा लागला. व्रण अजून दिसतो. वडिलांची वेळ मी सकाळीच घेतली, फोनवर शुगर आणि गोळ्यांचं सांगितल्यावर त्यांनी उद्या पहिलाच नंबर दिला.

औषधवाला | संध्याकाळी ६.१०

हे बरं केलंत. फोनवर नुसतं दाढ दुखते म्हटलं की सवडीची वेळ मिळते. रात्री झोपेतून उठवतं, सूज आहे किंवा नाही, शुगर आहे, गरोदर आहे, हे नेमकं सांगा, आणि कोणी रद्द केलं तर मला बोलवा असंही सांगून ठेवा. खर्चाची अडचण असणाऱ्यांना सिव्हिलचा दंतविभाग आहे, पुणे रोडला केगावचं डेंटल कॉलेजही आहे. वेळा फोन करून विचारून घ्या.

सुईदोरा | सोमवार, दुपारी ३.२०

जाऊन आले. एक्स-रेत कीड नसेपर्यंत गेलेली दिसली, मुळाच्या टोकाशी नुकती सुरुवात आहे म्हणाले. भूल देऊन दाढ उघडली, आतलं साफ केलं, औषध ठेवून वर तात्पुरती सिमेंट भरली. पुढची वेळ पुढच्या आठवड्यात. दाढ राहतेय. अँटिबायोटिक दिलं नाही, गरज नाही म्हणाले. ओठ अजून बधिर आहे, जेवू का?

दातांची डॉक्टर | दुपारी ३.४५

बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत थांबा, नाहीतर ओठ, गाल चावला जाईल आणि कळणार नाही. आज-उद्या चावताना थोडं दुखेल, दिलेली गोळी घ्या. त्या बाजूनं कडक, चिकट काही नको. सगळ्या बैठका झाल्यावर वर टोपी बसवून घ्या. रूट कॅनल केलेली दाढ टोपीविना कडक भाकरीवर फुटते, हे सोलापुरात वरचेवर बघते.

अण्णा साखर पेठ | संध्याकाळी ७.०५

माझी दुखत नाही, पण मागं भरलेली सिमेंट परवा निघून आली, भोक पडलंय. गुरुवारची वेळ घेतली. तोवर काय करू?

दातांची डॉक्टर | संध्याकाळी ७.२०

अण्णा, जेवण दुसऱ्या बाजूनं. खाल्ल्यावर प्रत्येक वेळी चूळ भरून भोक मोकळं करा. गार लागत असेल तर सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट बोटानं तिथं लावून थुंका, चूळ भरू नका. फेविक्विक किंवा एम-सील घालून घरी बुजवू नका, ते काढताना दाढच जाते. निघालेला तुकडा सिमेंटचा नसून टोपी असेल तर ती डबीत घालून घेऊन या.